फेड-इन कुणी केला?

नाटकाला लाईट करणाऱ्या माणसाला प्रकाशाची कला दाखवायला नेणं म्हणजे आचाऱ्याला पंगतीला बसवणं. जिलबी कशी झालीय यापेक्षा भट्टी कुठे मांडलीय, हेच तो शोधत बसणार. माझी भाची ओसाकाला नोकरीला आहे आणि मामाचा हा स्वभाव तिला पक्का ठाऊक आहे. माझ्या जपानच्या सुट्टीतली क्योतोची दोन देवळं कापून तिने नाओशिमा बेट घातलं आणि फोनवरच दम भरला, "जेम्स टरेलची चार कामं आहेत तिथे. तू फक्त बघायचंस. दिवा कुठला, किती वॉटचा, कुठून टाकलाय, हे मला विचारायचं नाही."

टरेल म्हणजे उजेडातूनच कलाकृती घडवणारा अमेरिकन कलावंत; मला तो फोटोंतून माहीत होता. गुलाबी, निळ्या, जांभळ्या खोल्या आणि त्यात हरवल्यासारखी उभी असलेली माणसं. खरं सांगायचं तर ते फोटो बघून माझ्या मनात एवढंच यायचं की सायक्लोरामा, म्हणजे स्टेजमागचा मोठा पडदा, उजेडाने एकसारखा धुतलाय, कुठे डाग पडलेला नाही, शाबास. आमच्या धंद्यात तेवढंही सहसा जमत नाही. पण त्यासाठी बोटीत बसून बेटावर कशाला जायचं, हे काही कळत नव्हतं.

जाण्याआधी थोडं वाचलं. माणूस १९४३ चा, लॉस एंजेलिसचा. चित्रकला शिकण्याआधी पोमोना कॉलेजात दृष्टीचं मानसशास्त्र शिकला, १९६५ मध्ये पदवी घेतली. पुढच्याच वर्षी सांता मोनिकात मेंडोटा नावाचं बंद पडलेलं हॉटेल भाड्याने घेतलं आणि खिडक्या रंगवून आतल्या खोल्या पार काळोख्या करून टाकल्या. मग त्या काळोखात एकेक फट उघडायची आणि रस्त्यावरचा सिग्नल, जाणाऱ्या गाडीचे हेडलाईट, समोरच्या दुकानाची पाटी यांचा जो काही उजेड भिंतीवर येईल तो बघत बसायचं, लोकांना बोलावून दाखवायचं. हे वाचल्यावर मात्र मला तो आपल्यातला वाटायला लागला. रिकाम्या थिएटरात दाराच्या फटीतून आलेला पट्टा स्टेजवर सरकताना बघत बसण्याचा नाद आम्हालाही असतो, फक्त त्याला कुणी कला म्हणत नाही.

ओकायामापर्यंत शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तिथून साधी गाडी उनो बंदरापर्यंत, आणि मग वीसेक मिनिटांची फेरीबोट. धक्क्यावर यायोई कुसामा या जपानी कलावतीने केलेला मोठा लाल भोपळा आहे, त्याच्या पोटात शिरून सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले. ऊन कडक होतं. समुद्राचं पाणी आणि धक्क्याचं काँक्रीट दोन्ही डोळ्यावर येत होते. भाचीने गॉगल लावला. मी चष्मेवाला, माझ्याकडे गॉगल नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

होनमुरा नावाच्या जुन्या वस्तीत १९९८ पासून रिकामी घरं घेऊन त्यांत एकेका कलावंताला काम दिलंय. त्यातल्या कादोया नावाच्या घरात तात्सुओ मियाजिमाने पाण्याखाली १२५ एलईडी काउंटर ठेवलेत. आकडे पळतात, पण प्रत्येकाचा वेग वेगळा, कारण तो वेग बेटावरच्या एकेका रहिवाशाने ठरवून दिलाय. छान आहे. मी तिथे जरा जास्त वेळ थांबलो, पण आमची मिनामिदेराची वेळ झाली होती.

मिनामिदेरा म्हणजे तादाओ आंदो या वास्तुरचनाकाराने १९९९ मध्ये बांधलेली एक लांबट लाकडी इमारत. पूर्वी तिथे देऊळ होतं. भिंतींना वरवर जाळून काळ्या केलेल्या देवदाराच्या फळ्या आहेत, खारट वाऱ्यात टिकाव्यात म्हणून या भागात जुन्या घरांनाही तशाच असतात. आत टरेलचं एकच काम आहे, 'बॅकसाइड ऑफ द मून'. थोड्या थोड्या लोकांना ठरल्या वेळेला आत सोडतात. बाहेर रांगेत एका मुलीने जपानीत आणि मग मोडक्या इंग्रजीत सूचना दिल्या: फोन बंद, चमकणारं घड्याळ खिशात, बोलायचं नाही, एक हात भिंतीला लावून चालायचं, सांगेपर्यंत उठायचं नाही.

आत शिरल्यावर वाट वळते, पुन्हा वळते. दुसऱ्या वळणानंतर उजेड संपतो. संपतो म्हणजे कमी होतो असं नाही, नाहीच. आमच्याकडे ब्लॅकआऊट म्हणतात तो खरा ब्लॅकआऊट नसतोच. दारावरचा हिरवा 'एक्झिट' जळत असतो, विंगेतल्या मॉनिटरचा निळसर डाग असतो, स्टेजवर नटांसाठी रेडियमच्या टेपच्या खुणा असतात, आणि प्रेक्षकांतल्या कुणाचा तरी मोबाईल. तरीही पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त लांबवला की लोक खोकायला लागतात. इथे डोळ्यासमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नव्हता. भिंतीला लावलेल्या तळव्यावर सगळा भार. पुढच्या बाईच्या पाठीवर मी एकदा हलकेच आपटलो, तिने "सुमिमासेन" म्हटलं, माफी खरं तर मी मागायला हवी होती. मग गुडघ्याला बाक लागला आणि बसलो.

पहिली काही मिनिटं काहीच नाही. म्हणजे बाहेर काही नाही. डोळ्यात मात्र भरपूर. धक्क्यावरच्या उन्हाचे हिरवे-जांभळे ठिपके तरंगत होते. ते विरले तेव्हा काळं उरेल असं वाटलं होतं, पण काळं उरत नाही. एक करडी, सतत हलणारी भुकटी उरते. डोळे मिटले तरी तीच, उघडले तरी तीच. डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोटाने पापणी चाचपून बघावं लागलं.

या भुकटीला कारण आहे. मंद उजेडात दिसायला लागतं ते दृष्टिपटलावरच्या दंडाकार पेशींमुळे, आणि त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. प्रकाशाचा एक कण पडला की त्याचा एक रेणू आकार बदलतो आणि पेशी कळवते, 'आला'. पण एकेका पेशीत हे रेणू कोट्यवधी, आणि त्यातला एखादा अधूनमधून नुसत्या उष्णतेनेच फिरतो. पेशीला फरक कळत नाही; ती तेव्हाही 'आला' असंच कळवते. थोडक्यात, पूर्ण काळोखातही डोळा आपल्या परीने उजेड बघतच असतो. मग खरा उजेड फारच थोडा असला तर तो बाहेरचा की आपलाच, हे ठरवायचं कसं?

मला तिथे नेमका हाच प्रश्न पडला. किती वेळ गेला होता देव जाणे, समोर कुठेतरी भुकटी जरा दाट वाटायला लागली. मी त्या जागेकडे रोखून बघितलं. काही नाही. कंटाळून नजर डावीकडे वळवली तर उजव्या कडेला ती पुन्हा होती: आडवी, रुंद, कडा नसलेली. पुन्हा सरळ बघितलं, गेली. हा खेळ बराच चालला.

आकाशदर्शनाला गेलेल्या कुणालाही ही युक्ती माहीत असते. कृत्तिकांकडे थेट बघितलं तर चांदण्या कमी दिसतात, जरा बाजूला बघितलं तर जास्त. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जिथे आपण वाचताना अक्षर धरतो, तिथे दंडाकार पेशी नसतातच. तिथे फक्त रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी, आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. म्हणजे अंधारात आपण सगळेच मध्यभागी आंधळे असतो. टरेलने अशा अंधाऱ्या खोल्यांची मालिका पिट्सबर्गच्या मॅट्रेस फॅक्टरीत १९८३ मध्ये सुरू केली, त्या पहिल्या कामाला त्याने कृत्तिकांचंच नाव दिलंय, 'प्लायडीज'. ते अजून तिथे आहे. नाव ठेवताना त्याच्या मनात हेच असावं, असा माझा कयास.

मध्येच घोटाळा झाला. आमच्या रांगेच्या टोकाच्या एका गृहस्थांनी हात हलवला आणि मनगटावरचं स्मार्ट घड्याळ पेटलं. सूचना देऊनही. एरवी ज्याला मी उजेड म्हणणारही नाही असा तो चौकोनी तुकडा त्या खोलीत स्टेजवरच्या झगझगीत 'पार' दिव्यासारखा फुटला. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांचे उसासे ऐकू आले. समोरचा पट्टा गेला. तो परत यायला वेळ लागला, कारण ऱ्होडॉप्सिन विरलं की पुन्हा जमायला त्याचा त्याचा वेळ घेतं. घाई करून उपयोग नाही. त्यातला एक घटक जीवनसत्त्व अ पासून बनतो. गाजर खा नाहीतर रातांधळा होशील असं आजी म्हणायची, त्यामागचं रसायन हे.

आणि मग तो दिसलाच. थोडं थोडं करत नाही. एका क्षणी लक्षात आलं की मी बराच वेळ समोरच्या भिंतीतल्या एका मोठ्या आयताकडे बघतोय. राखाडी. दोन बाजूंना अगदी मंद दोन दिवे असावेत असा भास. आता माझ्यातला आचारी जागा झाला. मनात म्हटलं, काय सुरेख फेड आहे! दहा-पंधरा मिनिटांचा फेड, शून्यापासून एक-दीड टक्क्यापर्यंत, आणि कुठेही झटका नाही. आमच्याकडचे एलईडी शेवटच्या दोन-तीन टक्क्यांत हमखास उडी मारतात. जुने हॅलोजन उडी मारत नाहीत पण खाली जाताना तांबूस होतात. हे यांनी कुठल्या डिमरवर केलं?

मदतनीस मुलगी म्हणाली, आता उठून उजेडाकडे चाला. चाललो. ज्या खोलीत मला बाक चाचपडत शोधावा लागला होता, तिथे आता माणसांच्या आकृत्या दिसत होत्या, जमीन दिसत होती. आयताजवळ जाऊन हात पुढे केला. पडदा असेल, काच असेल, रंगवलेली भिंत असेल. बोटांना काहीच लागलं नाही. हात आत गेला. ते भिंतीला पाडलेलं एक भोक होतं आणि पलीकडे नुसता उजेड भरलेली जागा. दुधावरच्या सायीवर बोट टेकवावं म्हणून जावं आणि भांडं रिकामं निघावं, तसं काहीतरी, पण ही उपमाही अपुरी आहे.

बाहेर आल्यावर डोळे चोळत भाचीला विचारलं, "तुला कधी दिसलं?"

"बसल्यावर थोड्याच वेळात. तू मागे सारखा चुळबुळ करत होतास ना, तेव्हा कधीच दिसत होतं. त्या काकांचं घड्याळ पेटलं तेव्हा माणसंसुद्धा दिसायला लागली होती."

मला तर तेव्हा जेमतेम संशय येत होता. इथे माझी डिमरची कल्पना कोसळली, आणि ती कोसळताना मला फार आनंद झाला. लाईट हळूहळू वाढवला असता तर तो तिला आणि मला साधारण एकाच वेळी दिसला असता. मदतनीस मुलीलाही मुद्दाम विचारलं; आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत उजेड तेवढाच असतो, ती म्हणाली, आणि हे ती दिवसातून कितीदा सांगत असेल हे तिच्या हसण्यावरून कळत होतं. दिवे जागचे हलले नव्हते. तो अप्रतिम फेड-इन ज्याच्या त्याच्या डोळ्यात, ज्याच्या त्याच्या वेगाने झाला होता. भाचीचा लवकर झाला कारण ती तरुण, आणि सकाळभर गॉगल लावून होती. वयाबरोबर अंधारात बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही, भिंग पिवळं पडतं, रंगद्रव्य जमायलाही जास्त वेळ लागतो. त्यात मी उघड्या डोळ्यांनी धक्क्यावरचं ऊन पिऊन आलेलो.

आमच्या लायटिंग बोर्डात 'स्क्वेअर लॉ' नावाची एक डिमर कर्व्ह असते. डोळा उजेड सरळ पट्टीने मोजत नाही म्हणून ती घालतात, एवढं मी शिकाऊ पोरांना कायम सांगत आलोय. पण म्हणजे प्रत्येक फेडचा अर्धा भाग माझ्या हातात नसतोच, तो तिकीट काढून आलेला माणूस आत आणतो, हे मला कुणी असं अंगावर घेऊन दाखवलं नव्हतं.

या उंबरठ्याचं मोजमापही झालेलं आहे. कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग शास्त्राच्या पुस्तकांत अजून सांगतात. माणसाला अर्ध्या तासाहून जास्त अंधारात बसवायचं, मग नजरेच्या मध्यापासून वीस अंश बाजूला, हजारांश सेकंदाची एक बारीक हिरवट लुकलुक दाखवायची आणि दिसली का विचारायचं. डोळ्यापर्यंत प्रकाशाचे ५४ ते १४८ कण पोचले की 'दिसलं' असं उत्तर दहातल्या साधारण सहा वेळा यायचं. त्यातले बरेचसे बुबुळावरून परततात किंवा वाटेत गळतात; प्रत्यक्ष पेशींनी टिपलेले फक्त ५ ते १४. एवढे थोडे कण शेकडो पेशींवर विखुरलेले, म्हणजे एकेका पेशीला एकच कण पुरतो. याच्याखाली जायला निसर्गाने जागाच ठेवलेली नाही. आणि त्या पातळीवर एकाच ताकदीची लुकलुक एकाच माणसाला एकदा दिसते, एकदा दिसत नाही. त्यात माणसाची चूक नसते. कणच कधी चार जास्त येतात, कधी चार कमी.

दुपारी चिचू संग्रहालयात गेलो. तेही आंदोचंच, २००४ चं, टेकडीच्या पोटात पुरलेलं. आत वॉल्टर डी मारिया या शिल्पकाराचा मोठा काळा गोळा आहे आणि फ्रेंच चित्रकार मोनेची कमळं आहेत, तीही नुसत्या वरून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात. ती खोली फार सुंदर आहे, पण मोनेवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

तिथल्या टरेलच्या कामांपैकी आधी लागलं ते १९६८ चं, 'अफ्रम, पेल ब्लू'. खोलीच्या कोपऱ्यात निळसर पांढरा ठोकळा तरंगतोय. जवळ गेलात की ठोकळा नाही. दोन भिंतींवर पडलेले प्रकाशाचे दोन सपाट तुकडे. समोरून एका प्रोजेक्टरने, आकार कापून, कोपऱ्यावर टाकलेला उजेड. प्रोफाइल स्पॉटचे शटर, म्हणजे दिव्यातली उजेड कापणारी पाती, आत-बाहेर करून मी हे उद्या करून दाखवीन. गंमत पुढे आहे. सगळं कळल्यावर मी मागे सरकलो आणि ठोकळा निमूटपणे परत आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. युक्ती माहीत असण्याचा डोळ्यावर काडीचा परिणाम होत नाही. भाची म्हणाली, "मामा, रांग आहे मागे."

'ओपन फील्ड'ला बूट काढून, काही पायऱ्या चढून जायचं असतं. वर भिंतीवर एक निळी, घट्ट, सपाट पाटी दिसते. मदतनीस सांगतो, चला आत. पाटीच्या आत! पुढचा माणूस सरळ भिंतीतून पार गेला तेव्हा माझ्या तोंडून "अरे!" निघालं. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टरेलच्या प्रदर्शनात लोक अशाच नसलेल्या भिंतीला टेकायला गेले आणि पडले, प्रकरण कोर्टात गेलं. त्या लोकांना मी तोपर्यंत हसत होतो.

आत निळा. कोपरे नाहीत, कडा नाहीत, सावल्या नाहीत. समोरचा शेवट हाताच्या अंतरावर आहे की पन्नास फुटांवर, सांगता येत नाही. पायाखालची जमीन किंचित उतरती वाटली पण शपथेवर सांगणार नाही. मदतनीस सांगेल तिथेच थांबायचं. १९३० च्या सुमाराला जर्मनीत वोल्फगांग मेट्झगर या मानसशास्त्रज्ञाने माणसांना अशाच एकसारख्या उजळलेल्या पृष्ठासमोर बसवलं होतं. भिंत दिसत नाही, धुकं दिसतं, असं ते सांगायचे. त्या धुक्याला रंग असला तर तोही काही मिनिटांत करडा पडतो. डोळा उजेड बघत नाही, उजेडातला फरक बघतो. आपली बुबुळं आपल्याला न कळत सतत थरथरतात ती यासाठीच, की समोरच्या वस्तूची कड पेशींवरून सारखी पुढेमागे व्हावी. कडच नसेल तर थरथरून काय उपयोग? माझा निळाही पातळ होत चालला होता, कडेकडून आधी. टरेल या सगळ्याचा पद्धतशीर अभ्यास करून बसलेला माणूस. रॉबर्ट अर्विन हा दुसरा कलावंत आणि एडवर्ड वॉर्ट्झ हे दृष्टीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ, यांच्याबरोबर १९६८-६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाच्या एका उपक्रमात त्याने असल्या एकसारख्या क्षेत्रांचे आणि आवाज शोषून घेणाऱ्या बंद खोल्यांचे प्रयोग केले होते.

मग मदतनीस म्हणाला, मागे वळा. ज्या दारातून आत आलो होतो ते भडक नारिंगी पेटलेलं. दोन क्षण मला खरंच वाटलं की कुणीतरी बाहेर दिव्यावरचं जिलेटिन, म्हणजे रंगीत कागद, बदललं. बाहेर आलो तेव्हा खोली होती तशीच होती. निळा पचवलेल्या डोळ्याला तिचा साधा उजेड तसा दिसत होता.

संध्याकाळचा 'ओपन स्काय' हा वेगळा कार्यक्रम असतो, आधी नाव नोंदवावं लागतं. चौकोनी खोली, छताला चौकोनी भोक, त्याच्या कडा पात्यासारख्या पातळ, त्यामुळे छताची जाडी दिसत नाही आणि आकाश छताला चिकटवल्यासारखं दिसतं. भिंतीला टेकून बसायचं. सूर्य मावळत असताना भिंती-छतावरचे छुपे एलईडी फार सावकाश रंग बदलतात. इथे मात्र खरा डिमर होता, आणि काम स्वच्छ होतं, एकही उडी नाही. छत नारिंगी झालं की आकाश शाईसारखं निळं, छत निळं झालं की तेच आकाश मळकट पिवळट. आकाश तेच. शेजारचा रंग बदलला की मधला बदलतो हे आम्ही रोज वापरतो. हिरॉईनची साडी फिकी वाटली की साडी नाही, मागचा पडदा बदलतो. पण आकाशावर ते करून दाखवायची हिंमत लागते. शेवटी शेवटी चौकोन इतका गडद काळा झाला की जणू आकाशच नाही. बाहेर पडून वर बघितलं तर चांगलं निळसर होतं, एक-दोन चांदण्याही होत्या. मला स्वतःला यातलं पहिलं अर्धं जास्त आवडलं, जेव्हा रंग कमी होते. भाचीला रंगच आवडले. जेवताना यावर वाद झाला आणि सुटला नाही.

पुण्याला आल्यावर एका नव्या नाटकात मला हे वापरायचं होतं: पडदा उघडायच्या आधी दहा मिनिटं काळोख, आणि स्टेजवर एकच मंद उजेड, न बदलणारा. दिग्दर्शकाने ऐकून घेतलं. "दहा मिनिटांत बाल्कनी शिट्ट्या मारेल," म्हणाला. शिवाय नाट्यगृहात 'एक्झिट'चे दिवे बंद करता येत नाहीत, करूही नयेत. तेव्हा थिएटरचा नाद सोडला आणि तालमीच्या हॉलमध्ये एका रात्री करून बघायचं ठरवलं.

खिडक्यांना काळा कागद लावला, दाराच्या फटीत सतरंजी कोंबली, दिवे घालवले आणि कळलं की हॉल उजेडाने भरलाय. स्टॅबिलायझरचा लाल ठिपका, एसीचा हिरवा आकडा, इंटरनेटच्या डब्यावरच्या निळ्या लुकलुकी, एक्स्टेन्शन बोर्डाचा नारिंगी दिवा, आणि भिंतीवरच्या घड्याळाचे काटे, तेसुद्धा रेडियमचे. एकेकावर काळी टेप मारत गेलो; प्रत्येक टेपनंतर त्याहून मंद असा नवा दिवा सापडायचा. तास-दीड तास यातच गेला. मग मागच्या भिंतीच्या खोबणीत एक छोटा दिवा ठेवला, डिमरवर न घालता, नुसता काळ्या कापडाच्या घड्यांआड दाबून, आणि सगळ्यांना ओळीने बसवलं. कुणाला काय दिसणार आहे ते सांगितलं नाही.

बॅकस्टेजच्या पोराने पहिल्यांदा हळूच सांगितलं, "दादा, चौकोन आहे." मग हिरो. मग मला. आमच्या नाटकात आजीचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री टोकाला बसल्या होत्या, त्यांना काहीच दिसत नव्हतं. आता उठूया का, असं कुणीतरी विचारलं.

"थांबा रे," बाई म्हणाल्या. "तुमचं झालं असेल. माझा अजून यायचाय."